बघूनच येऊ

कळंबला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू भाजीपाला घेऊन बारामतीच्या बाजारात जातात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "व्हय का न्हाय?" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता पुढचं बोलू लागतात. त्यांच्या लेकीला दोन सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळत होता; एक पुण्यात, दुसरं पार विदर्भात. काकूंचा ओढा पुण्याकडं होता. लेक रविवारी घरी आली असती.

मी शाळेत शिकवते, म्हणून त्या मला विचारायला आल्या. मी प्राध्यापक, प्रयोगशाळा, नोकऱ्या अशी सगळी तुलना करून सांगितली. त्या म्हणाल्या, "बाई, आपुन बघूनच येऊ. व्हय का न्हाय?"

आम्ही दोघी गेलो. दोन्हीकडं काकू मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी थांबल्या आणि दिसेल त्या पोरीला विचारत राहिल्या, "बाय, घरची लई आठवण येती का गं?" पुण्यात एकीचे डोळे भरूनच आले. काकूंनी तिला जवळ घेतलं, पिशवीतली दशमी दिली. विदर्भातल्या पोरी मात्र हसत सुटल्या. "आठवायला वेळ कुठाय काकू? उद्या आमचं नाटक आहे!"

काकू बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "हितंच घालू तिला."

आता लेक तिकडंच असते. परवा कुंपणापलीकडून मी विचारलं, "फोन आला का?"

"न्हाय, लई दिस झालं," कोथिंबिरीची जुडी बांधत काकू म्हणाल्या. "रमली म्हनायची."

जुडी बांधून झाली, तरी त्या तिच्यावर सुतळी गुंडाळतच राहिल्या.