खडू जातो कुठे

माझ्या मामाच्या जिभेला हाड नाही, हे आधीच सांगून टाकतो. हात मात्र सोन्याचा. त्यानं शिवलेली पॅन्ट घातली की पोक आलेला माणूसही ताठ दिसतो. तो बेततो, शिवतो. शेजारच्या स्टुलावर बसून मामी काजं-बटणं करते. दुकान एवढंसं की दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात.

मागे वर्षभर दुकानातले कापडावर खुणा करायचे खडू नाहीसे होत होते. मामा गिऱ्हाइकांदेखत मामीला विचारायचा, "खडू खातेस की काय?" गिऱ्हाइकं हसायची, मामीही हसायची. तिला तेव्हा जिना चढताना धाप लागायची, सुई हातात धरून ती नुसतीच बसून राहायची. मामानं त्याला आळस असं नाव ठेवून टाकलं होतं.

एका दुपारी ती स्टुलावरून कोसळली. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली. दोन्ही पांढरीफटक. माती, खडू असलं काही खावंसं वाटतं का, असं त्यांनी विचारलं. मामीनं मामाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रक्तात लोह फारच कमी निघालं; त्यानंच असलं खावंसं वाटतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाळीत फार जातं, हेही तिनं तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. त्यावर औषध मिळालं आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात कधी गॅस न पेटवलेला माणूस, पण रोज सकाळी मामीच्या आधी उठू लागला. तिला आवडतो तसा कडक चहा करायचा, बशीत गोळी ठेवायची आणि ती गिळेपर्यंत समोर बसायचं.

तरी पुढच्या तपासणीत फरक दिसेना. गोळ्याच कुचकामी आहेत म्हणत मामा भांडायच्या तयारीनं दवाखान्यात गेला. गोळी कशाबरोबर घेता, असं विचारल्यावर मामीच्या आधी तोच म्हणाला, "चहाबरोबर. मी स्वतः करून देतो."

"चहा लोह अंगी लागू देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लिंबूपाण्याबरोबर द्या. आणि गोळीच्या आधी-नंतर तासदोन तास चहा नको."

परतताना मामा जिन्यात थांबला. "आधी बोलून बोलून छळलं तुला, आणि आता चहा पाजून."

"चहा चांगला करता पण," मामी म्हणाली. त्यानं तो आणखीच रडवेला झाला.

हळूहळू मामी न थांबता जिना चढू लागली. परवा मी दुकानात बसलो होतो. बेतता बेतता मामानं टेबल चाचपलं आणि जुन्या सवयीनं म्हणाला, "खडू कुठे..." पुढचं तोंडातच राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, खडू त्याच्याच कानावर होता. मामीनं सुई खाली ठेवली, त्याच्याकडे वळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. चांगली लालगुलाबी होती.

मी हसलो. मामा हसला नाही. कोऱ्या कापडावरून कितीतरी वेळ नुसता हात फिरवत राहिला.