टीव्हीवर आलंय

परवा आमच्या गावच्या मंगल कार्यालयात तो स्वस्तातला सिनेमा पुन्हा दाखवला. शहरातली पोरं म्हणे त्याला डोक्यावर घेतात, संवाद पाठ म्हणतात. गोष्ट एवढीच, की एका गावचं केबल चॅनल चुकून एका जिवंत शिंप्याचा हार घातलेला फोटो दाखवतं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गाव सांत्वनाला जमतं. शिंपी स्वतःच दार उघडतो, तर लोक त्याच्यावरच खेकसतात, "टीव्हीवर आलंय, खोटं कसं असेल? तुम्ही आत जा बघू!"

अख्खा हॉल पोट धरून हसला. आमच्या शेजारचे पवारकाका सगळ्यांत जोरात. मला त्या हसण्याची किळस आली. आमच्याकडे सख्ख्या चुलत्याचं दहावं आमच्या केबल चॅनलच्या सरकत्या पट्टीवर वाचून कळतं, आणि न जाणारे वर तोंड करून म्हणतात, "पट्टी कुठं दिली होती?" डोळ्यांसमोर माणूस श्वास घेत असला तरी आम्हाला तेवढं पुरत नाही, त्याच्याखालून अक्षरं सरकावी लागतात. हे गाव कुणाला हसणार?

बाहेर आमच्या त्याच चॅनलचा कॅमेरा उभा होता. काकांनी कॉलर नीट केली आणि सांगितलं, "छे, आपल्याकडचे लोक इतके खुळे नाहीत."

चहा पिऊन आम्ही बरोबरच परतलो. काकांनी आपल्या घराची बेल वाजवली, मग दार वाजवलं. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता. शेवटी काकू ओरडल्या, "कोण आहे ते? थांबा जरा, आमचे हे टीव्हीवर आलेत!"