एमीलेदू

मी करकंब सोडलं तेव्हा मोडनिंबच्या स्टेशनापर्यंत मला पोचवायला दादा बैलगाडी घेऊन आला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. निघताना आई गाडीच्या चाकाला धरून उभी होती आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "कुणाच्या तोंडी लागू नगंस, सदा. पोटाला खा." वडील, म्हणजे आमचे आण्णा, बाहेर आलेच नाहीत. आतूनच ओरडले, "जाऊ द्या त्येला. मिलमधी माणसाचं माकड व्हतंय, तवा कळंल." मोडनिंबला छोटी गाडी लागली तेव्हा दादानं माझं गाठोडं आत ठेवलं आणि म्हणाला, "आण्णाचं मनावर घिऊ नको. हितलं समदं मी बगतो. न्हाय करमलं तर सरळ निघून ये. कुणी इचारणार न्हाय तुला." ते बोलणं मला तेव्हा आवडलं नव्हतं. मी काय परत येण्यासाठी चाललो होतो?

जमीन एका घरापुरती होती आणि भाऊ आम्ही दोघे. कुणीतरी जायलाच हवं होतं. दादानं स्वतः राहून मला जाऊ दिलं, हे मला त्या वेळी समजत नव्हतं असं नाही. समजत होतं, पण उपकार लवकर विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गावात राहिलेल्या मंडळींना वाटतं, सोलापुरात गेला तो सुटला. माझ्यासारखे जे आले त्यांना खरं माहीत आहे, पण गावी गेल्यावर ते बोलत नाहीत. परीटघडीचा सदरा घालून पारावर बसतात आणि सिनेमाच्या, सात रस्त्यावरनं जाणाऱ्या साहेबांच्या मोटारींच्या गोष्टी सांगतात. मीही सांगितल्या. एक तेवढी सांगितली नाही. ती आज लिहितो. गावातल्यांनी वाचावी आणि मिलमधल्यांनीही वाचावी, विशेषतः ज्यांनी अशी गंमत कधी केली आहे त्यांनी.

मिलमध्ये मी लागलो तो साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. शेकडो साचे एकदम चालत असतात, आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत असतात आणि बोलायचं तर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून बोलावं लागतं. पहिले आठ दिवस मला घरी गेल्यावरही तोच आवाज ऐकू यायचा. खात्यातले निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या विणकाम केलेले. त्यांचे हात बघत राहावेत असे. उरलेले आम्ही, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोटाकडचे, ज्यांना नांगराची मूठ धरता येत होती आणि सुताचा तुटका धागा जोडता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी गणपा माझ्या साच्यापाशी आला. हा गणपा मोहोळकडचा, मिलमध्ये दहा वर्षं मुरलेला. माझ्या कानात म्हणाला, "ए करकंब, धोटा अडकतोय बग. स्टोअरमधनं एमीलेदू घिऊन ये. पितळंचं आन, लोखंडाचं नगं." मी निघालो. स्टोअरमध्ये एक म्हातारे चाचा होते. त्यांनी कपाटं उघडून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अरे, वो तो कलच खतम हुआ. फोल्डिंगमें देखो जाके." कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंगवाल्यांनी सुताला खळ लावतात त्या खळीच्या खात्यात पाठवलं. तिथे एक तेलुगू माणूस होता. मी विचारलं, "एमीलेदू हाय का?" तो म्हणाला, "एमी लेदू." मला वाटलं, चला, नाव तरी आपण बरोबर घेतोय, वस्तूच तेवढी शिल्लक नाही. त्याला मी दोनदा विचारलं. दोनदा त्यानं तेच उत्तर दिलं, आणि खरं उत्तर देणारा त्या दिवशी तो एकटाच होता. कारण तेलुगूत 'एमी लेदू' म्हणजे 'काही नाही'.

तासाभरानं घामाघूम होऊन परत आलो तर सगळं खातं माझी वाट बघत होतं. ते हसले, म्हणून मीही हसलो. न हसून करणार काय? ही युक्ती काही तेलुगू लोकांची नव्हती. त्यांची भाषा घेऊन आमच्याच गणपानं ती काढली होती. आपल्या माणसाला कुठून फसवता येईल हे आपल्यालाच बरोबर ठाऊक असतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण खात्याची एक रीत होती. जो फसला त्याचं नाव एमीलेदू. पुढचा नवा माणूस फसेपर्यंत तेच नाव. माझं नशीब असं, की त्यानंतर आमच्या खात्यात नवी भरतीच झाली नाही. दीड वर्ष झालं तरी मी एमीलेदूच होतो. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच नावानं हजेरी घ्यायचा. गावाकडून बायकोमुलीला आणून शुक्रवार पेठेत खोली घेतली होती, नाव तिथपर्यंत पोचलं. माझी थोरली मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. गल्लीतली पोरं तिला 'एमीलेदूची' म्हणायची, आणि ती 'ओ' द्यायची. बायको एकदा रडत म्हणाली, "आवो, हिला तिचं खरं नाव कवा कळायचं?" मी तिच्यावरच खेकसलो. त्या दिवसापासून मी मिलच्या फाटकावर नवा माणूस दिसतो का बघायला लागलो. तो कुणी का असेना, हे नाव त्याच्या गळ्यात पडू दे, एवढंच मागत होतो.

आणि आला तो दादा.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. गावात रोग आला आणि दादाचे दोन्ही बैल आठवड्याच्या आत मेले. दादा म्हणाला, चार महिने मिलमध्ये काढतो, जोडी घेतो आणि पेरणीला परत जातो. माझ्या भरवशावर तो आला. जॉबरच्या हातापाया पडून मी त्याला बदलीवर, म्हणजे खाडा करणाऱ्याच्या जागी, घेतला आणि काम शिकायला लक्ष्मय्या नावाच्या म्हाताऱ्या विणकराच्या हाताखाली दिला. दादा शहाणा माणूस. दोन दिवसांत धागा जोडायला शिकला, जे मला पंधरा दिवसांत जमलं नव्हतं. लक्ष्मय्या मला म्हणाला, "भाऊ तुझा चांगला आहे. हात मऊ आहे त्याचा."

तिसऱ्या दिवशी गणपा दादापाशी गेला. मी लांबून बघत होतो. गणपा बोलला, दादानं ऐकून घेतलं, पण तो निघाला नाही. परक्याच्या शब्दावर पाऊल उचलणारा माणूस नव्हे तो. तो सरळ माझ्या साच्यापाशी आला. माझ्या कानाला तोंड लावलं आणि विचारलं, "सदा, एमीलेदू म्हंजी काय रं? कुटं असतंय?"

त्याच्या खांद्यावरून मला गणपा दिसत होता. आजूबाजूच्या साच्यांवरची माणसं माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. 'दादा, चेष्टा करत्यात' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी ते म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण मला माझी मुलगी दिसली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे मला मुलगी दिसली नाही. मला मीच दिसलो, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला 'सदाशिव' अशी हाक ऐकणारा. मी दादाच्या कानात म्हणालो, "स्टोअरमधी बग. तितं नसलं तर खळीच्या खात्यात."

दादा गेला तो दोन तास आला नाही. मी तासाभरात दमलो होतो. दादाला भावानं पाठवलं होतं, त्यामुळे तो दमला नाही. स्टोअर झालं, फोल्डिंग झालं, खळीचं खातं झालं, बॉयलरपर्यंत जाऊन आला. मधल्या सुट्टीत तो फाटकाबाहेर पडला आणि लोखंडी सामानाच्या दोन दुकानांत विचारून आला, हे मला मागाहून कळलं. मोकळ्या हातानं परत गेलो तर सदाला खाली बघावं लागेल, असं त्यानं दुकानदाराला सांगितलं होतं.

शेवटी त्याला लक्ष्मय्यानं अडवलं. म्हाताऱ्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "बाबा, एमी लेदू म्हणजे काही नाही. तुला कोण पाठवलं?" दादा म्हणाला, "माज्या भावानं." लक्ष्मय्यानं हे मला स्वतः सांगितलं, आणि त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

दादा खात्यात शिरला तेव्हा नेहमीप्रमाणे आरडाओरडा झाला. मी हसत होतो. सगळ्यांबरोबर आणि सगळ्यांत मोठ्यानं. दादा हसला नाही आणि चिडलाही नाही. पटका नीट केला आणि भोंगा होईपर्यंत धागे जोडत राहिला. संध्याकाळी माझ्या घरी माझ्या बायकोच्या हातची भाकरी खाल्ली, मुलीला मांडीवर घेऊन बसला, आणि तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. सकाळी मी कामाला निघालो तर त्यानं गाठोडं बांधलेलं. मी म्हणालो, "दादा, आरं चेष्टा हाय ती. नव्या माणसाची समदीच करत्यात." तो म्हणाला, "त्यांनी केली त्येचं काय न्हाय." आणि गाठोडं खांद्यावर टाकलं. मी त्याला स्टेशनावर पोचवायला गेलो नाही, खाडा पडला असता.

मिलमध्ये गेलो तर जॉबरनं हजेरीला हाक मारली, "एमीलेदू!" मी गणपाकडे बघितलं. गणपा म्हणाला, "तुज्या भावानं पळ काडला की. पळालेल्याला नाव लागत न्हाय. तुजं तुज्यापाशीच." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी काय देऊन काय घेतलं होतं. आज मी जॉबर आहे. समोर कुणी म्हणत नाही, पण पाठीमागे अजून त्याच नावानं बोलतात. आता बोलेनात का.

दादानं घरी सांगितलं, मिलची हवा मानवली नाही. वडील म्हणाले, "म्या सांगितलं नव्हतं?" दादानं तेही ऐकून घेतलं. त्या साली त्यानं शेजाऱ्याच्या रानात राबून त्याच्या बदल्यात त्याचे बैल वापरले, तेही शेजाऱ्याचं उरकल्यावर, उशिरा. पेरणी साधली नाही. मला कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला काही माहीतच नव्हतं. मी वाट बघत होतो, दादा कधीतरी चारचौघांत मला फाडून खाईल. तसं झालं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

दिवाळीला बायकामुलांना घेऊन गेलो. दादा दारात उभा होता. म्हणाला, "या, बसा. कवा निगाला व्हता तुमी?" मला वाटलं, बायकोला विचारतोय. मी मागे वळून बघितलं. ती अजून गाडीतून उतरत होती. दादा माझ्याकडे बघत होता. मग आत तोंड करून वहिनीला म्हणाला, "सोलापूरची मंडळी आली. पाणी द्या." आई म्हणाली, "आरं, धाकट्या भावाला तुमी काय म्हंतुस?" दादा म्हणाला, "शेरातलं झालं की आता त्ये. मान द्याया पायजे."

त्यानंतर दहा वर्षं झाली. सुगी झाली की माझ्या वाट्याची ज्वारी न चुकता येते. मुलीच्या लग्नात दादा मांडव घालण्यापासून राबला. कुठे बोट ठेवायला जागा नाही. एकदा रानात आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "दादा, शिव्या दे, मार, पण मला अरे म्हण." तो बांधाकडे वळला आणि म्हणाला, "चला, ऊन लागंल तुमास्नी."

वडील गेले, आणि गेल्या साली आईही गेली. घर म्हणजे काय, असं सोलापुरातली आपली मंडळी जमली की बोलणं निघतं. कुणी मातीचं सांगतो, कुणी विहिरीच्या पाण्याचं. मी ऐकून घेतो. माझं घर म्हणजे जिथे मला कुणीतरी 'अरे' म्हणत होतं ती जागा. ज्यांनी म्हणावं त्यांतला आता एकच उरला आहे, आणि तो म्हणत नाही.

दादाला वाचता येत नाही. त्याची पत्रं शाळेचे मास्तर लिहून देतात, 'सदाशिवराव यांस' अशी. मास्तर, हे तुमच्या हाती पडेल तेव्हा त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. गाळू काही नका. उत्तर लिहून पाठवायची गरज नाही. ऐकून झाल्यावर तो माझं नाव कसं घेतो, तेवढंच मला कळवा.