एक चाळीसला लागलेलं कनेक्शन

आधीच सांगते, असलं काही कोणी सांगू लागलं की मी तोंडावर हसणारी बाई. तुम्ही हसलात तरी चालेल... पण पूर्ण वाचून हसा.

मी वलगावची. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. घरचा कंप्युटर कायम चालू ठेवायचा, आणि बाहेर असले की मोबाईलच्या अ‍ॅपमधून त्याला जोडून कोडिंग करायचं, अशी माझी सोय. त्या दिवशी दर्यापूरला मावसबहिणीचा साखरपुडा होता. पंगत बसली आणि साहेबांचा फोन — "काम पोचलं नाही. दोनपर्यंत आलं नाही तर तुम्हाला कायम करता येणार नाही." दोन वर्षं बिनकामाची घरी बसल्यावर मिळालेली नोकरी हो! काम पूर्ण होतं, पाठवायचंच विसरले होते मी. असा संताप आला स्वतःचा!

ताट सोडून मांडवाबाहेर आले. अ‍ॅप उघडलं — 'सर्व्हर सापडत नाही', म्हणजे घरचा कंप्युटर लागतच नव्हता. डेटा बंद-चालू केला, मोबाईल रीस्टार्ट केला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. काहीच नाही. घरी बाबांना फोन लावला, तर उचलेनात. मावशी मागून आली, "काहून रडून राहिली वं? जेव तं आधी!"

एक चाळीसला पुन्हा 'कनेक्ट' दाबलं, आणि लागलं! माझ्या फाइली, माझा कोड, सगळं समोर. लगेच पाठवलं. पाच मिनिटांत साहेबांचा मेसेज — 'मिळालं. ओके.'

संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच, खुशीत. "तुया कंप्युटरचा फॅन लय आवाज करे ना... अमरावतीले नेऊन साफ करून आणला!"

"कधी नेला?"

"सकाळीच. हे पाय, दुकानवाल्यानं फोटो पाठवला."

फोटोत कंप्युटर पूर्ण उघडा, हार्ड डिस्क काढून टेबलावर. वेळ — एक अडतीस. पाचला सगळं परत बसवलं म्हणे.

मी फोटोवरची वेळ पुन्हा पुन्हा पाहिली. बाबांचा चेहरा उतरला. "माह्यामुळं तुयं काम तं नाही अडलं ना बाई?"

"नाही बाबा. झालं."

नंतर कंप्युटरमधल्या नोंदी तपासल्या. त्या दुपारी कोणीच जोडलेलं नाही. कंपनीकडे मात्र माझा कोड आहे.

नोकरी टिकली, आनंद आहेच. पण आपल्या हातून पोरीची नोकरी गेली, हे कळलं असतं तर माझा बाप खचला असता. ज्या कोणी ते होऊ दिलं नाही... तुम्ही कोण, मला आजही माहीत नाही. खूप खूप आभार. बाबांना मी यातलं काहीच सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.