टेप सैल धरला होता

नांदेडच्या ज्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करतो, तिथे माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याकडे असतो तसा एक टेप आहे. किडनी बदललेले रुग्ण तपासणीला आले की त्यांच्या दंडाचा घेर मी त्याने मोजतो. वजन फसवतं. अंगावर सूज असली की काटा जास्त दाखवतो आणि आतून झडलेला माणूस कागदावर धडधाकट दिसतो. दंड सहसा खोटं बोलत नाही. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हे शिकवतो, आणि शिकवताना दर वेळी मला एक दंड आठवतो. त्याला मी खोटं बोलायला लावलं होतं.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिशीतली ती बाई अहमदपूरजवळच्या एका गावातून यायची. सोबत तिची आई. तिला किडनी आईनेच दिली होती. आई रोजगाराला जाणारी, काटक. दारातूनच "जय भीम, सायब" म्हणायची आणि लेकीच्या आधी खुर्चीत बसायची.

"मावशी, तपासणी लेकीची आहे," मी म्हणायचो.

"पण माल माझा हाय की," ती म्हणायची. "माझा माल नीट चालून राहिला का न्हाई, बघू नको?"

लेक पदराआड हसायची. तिच्या तोंडावर कायम पदर असे. अशा रुग्णांना आम्ही मास्क लावायला सांगतो. मास्कच्या जागी ती पदर धरते, असं मी समजून चाललो होतो. शिवाय परक्या पुरुषासमोर आमच्याकडच्या बायका धरतातच.

माझे प्रश्न ठरलेले. काल सकाळपासून काय काय खाल्लं? भूक कशी आहे? ती सांगायची, "दोन भाकरी. वरण. कधी अंडं." आई बाजूला बसून मान डोलवायची. मी लिहून घ्यायचो.

आमच्या भागात जेवलात का या प्रश्नाला "हाव" सोडून दुसरं उत्तर नसतं, हे मला माहीत होतं. माझी आई पोटात अन्नाचा कण नसला तरी "आत्ताच झालं" म्हणायची. काय खाल्लंस विचारलं, तर घरात काय रांधलं होतं ते सांगायची. हे सगळं माहीत असून मी कागदावर लिहिलं, भूक चांगली.

त्या खेपेला वजन तेवढंच होतं, पण दंड मोजला तर घेर मागच्यापेक्षा बोटभर कमी. मला वाटलं, माझीच चूक. पुन्हा मोजला. तोच आकडा. बाहेर रांग होती, टँकर आला नव्हता म्हणून लोक पाण्यावरून कुरकुरत होते, आणि माझ्यासमोरचा कागद तर सांगत होता की बाई व्यवस्थित खाते, वजन टिकून आहे. तिसऱ्यांदा मी टेप जरा सैल धरला. जुना आकडा आला. तो मी लिहिला. हाताला कळत होतं की टेप सैल आहे. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावलं. तिच्या रक्तात शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याची खूण दिसत होती, प्रथिनंही उतरली होती.

"खाणं कमी झालंय का हिचं?"

"नाही सर. खाणं चांगलं आहे. दंडही तेवढाच आहे."

मग छातीचा फोटो झाला, लघवीची तपासणी झाली, ऑपरेशनची जुनी जखम चाचपून झाली. या तपासण्यांसाठी मायलेकी दोनदा एसटीने आल्या नि गेल्या. तीन आठवडे गेले. शेवटी ती तापाने फणफणून भरती झाली. नर्सने थर्मामीटर लावायला पदर बाजूला केला, आणि मला हाक मारली.

हिरड्या वाढून दातांवर चढल्या होत्या. एका बाजूला पू होता. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून जे औषध देतात, त्याने काहींच्या हिरड्या अशा फुगतात. त्यात गावात टँकर आठवड्याने एकदा. चूळ भरायच्या पाण्यातही काटकसर. ज्वारीची भाकरी तिला चाववतच नव्हती. आधी ती पाण्यात भिजवून खायची, मग नुसती पेज.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"आईसमोर कसं सांगू?" ती म्हणाली. "तिनं दिलेलं मला सांभाळता येईना म्हणून?"

मला एकदाही सुचलं नव्हतं की आईला बाहेर बसवावं.

संसर्ग आवरायला किडनी टिकवणारी ती औषधंच कमी करावी लागली. किडनी वाचली, पण पूर्वीसारखी राहिली नाही. जिन्याजवळ आईने मला गाठलं. "सायब, काय चुकलं?"

"काही नाही मावशी. होतं असं कधी कधी."

त्या वाक्यानंतर मला एका जागी बसवेना. घरी जेवताना उठायचो, कामावर तोच खण उघडायचो, मिटायचो. लेकीला रुग्णालयातून घरी सोडल्यावर पंधरा दिवसांनी मी अहमदपूरची एसटी पकडली. बसमध्ये उदगीरचा नवा जिल्हा होणार, आपण त्यात जाणार, यावरून दोघांचं चाललं होतं.

"जाऊ की. लातुरात ऱ्हाऊन रोज आंघोळ होऊन राहिली व्हय तुझी?"

सगळे हसले. मी मनात एकच वाक्य जुळवत होतो, ते जुळत नव्हतं.

घरात पाय ठेवताच आई म्हणाली, "जेवलात का, सायब?"

"हाव, झालं आत्ताच."

सकाळपासून मी चहावर होतो. बोललो, आणि माझं मलाच ऐकू आलं.

"कुठं झालं? एसटीत पंगत होती काय?" तिने ताट मांडलं.

मी घास न घेता सांगून टाकलं. टेप, सैल हात, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. लेक चुलीजवळ बसून ऐकत होती. आई उठून तिच्याजवळ गेली. मग तिने लेकीचा दंड आपल्या बोटांच्या कवेत धरला. बोटं एकमेकांना लागली.

"म्या तिला न्हाऊ घालत व्हते," ती म्हणाली. "मला तरी कुठं कळलं." मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, सायब. मला माफीबिफी देता येत न्हाई. पुढच्या खेपंला मला भाईर बसवा. आता जेवा."

मी जेवलो.

पुढच्या खेपेला आई स्वतःच बाहेरच्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसली. मी नर्सला आत घेतलं, लेकीला पदर खाली घ्यायला सांगितला, बॅटरीने तोंड तपासलं, कसं दुखतं ते विचारलं. ती अडखळत बोलत राहिली. मग दंड मोजला. तीन वेळा, टेप चोख धरून.

"किती आला?" बाहेरून आवाज आला.

मी दारात गेलो. "अजून कमीच आहे, मावशी."