मागच्या सीटवरचं वजन

माझ्या आयुष्याला वळण कुणी लावलं असं कुणी विचारलं तर मी घोटीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगतो. बाई आमच्या नात्यागोत्यातल्या नव्हत्या. वडील इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते, आई लोकांच्या खाचरांत भाताच्या लावणीला जायची, आणि माझ्याआधी आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या वेळी आई अडली. दवाखान्याच्या ओट्यावर मी भूमितीचं पुस्तक उघडून बसलो होतो, वाचत मात्र नव्हतो. बाई बाहेर आल्या, आई सुखरूप असल्याचं आणि बहीण झाल्याचं सांगितलं, आणि त्याच दमात विचारलं की यातली किती प्रमेयं येतात. मला एकही धड सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याची पुढची खोली संध्याकाळी माझ्या अभ्यासाला मिळाली. मी पुढे नाशिकला कॉलेजात गेलो, बी.एस्सी. झालो, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. त्या सगळ्याची सुरुवात त्या खोलीत झाली.

गाडी चालवायलाही बाईंनीच शिकवलं. त्यांच्याकडे करड्या रंगाची जुनी अ‍ॅम्बॅसडर होती. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी आलो की ती माझ्या ताब्यात असायची. तिकडचा पाऊस एकदा लागला की आठवडा आठवडा उघडत नाही. रस्ता कुठे संपतो आणि खाचर कुठे सुरू होतं ते कळत नाही. अशा पावसात आम्ही वाडीवस्तीवर जायचो आणि पेशंट घेऊन परत यायचो. बाईंची शिकवण एकाच वाक्याची होती. "मागे अडलेली बाई आहे असं समजून चालव." बहुतेक वेळा समजायची गरज नसायची, ती खरोखरच मागे असायची. मग पाय आपोआप हलका पडायचा. ब्रेक आधीपासून लागायचा, गिअर अलगद पडायचा. डिकीत बाई वाळूची दोन पोती कायम ठेवायच्या. चाक चिखलात फिरायला लागलं की त्याखाली वाळू टाकायची, एवढाच त्यांचा उपयोग मला तेव्हा ठाऊक होता.

पुढे बाईंची नजर अधू झाली. दवाखाना बंद करून त्या मिरजेला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना गाडी मला देऊन गेल्या. चालते तोवर चालव, चालेनाशी झाली की विकून टाक, उगाच जीव लावून बसू नकोस, असं बजावलं. मी मान डोलावली आणि जीव लावून बसलो.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. सातपूरला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्यापुढच्या बोळात ही गाडी. बोळाची आणि गाडीची रुंदी जवळजवळ सारखीच. माझी पत्नी निफाडकडची, शेतकरी घरातली, बोलायला सरळ. तिचं गाडीशी भांडण नव्हतं, पण गाडी कधी सुरू होईल याचा भरवसा नव्हता. थंडीत तर नाहीच. सकाळी मी आत बसायचो आणि ती शेजाऱ्यांना घेऊन मागून धक्का मारायची. गाडी सुरू झाली की मी पुढे जायचो, आणि ती धुरात उभी राहायची. आमच्या संसारात त्या गाडीत ती बसली त्यापेक्षा तिनं गाडीला ढकललं जास्त. त्यातून कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं शिकवणीसाठी गाडी मागितली होती. तो येता-जाता विचारायचा आणि मी विषय बदलायचो.

त्या हिवाळ्यात शहरातल्या काही हौशी मंडळींनी गाड्यांची स्प्रिंट ठरवली. स्प्रिंट म्हणजे सगळ्यांनी एकदम धावायचं नाही. एकेका गाडीनं उभ्या जागेवरून सुटायचं, ठरलेलं अंतर कापायचं आणि घड्याळ काय म्हणतं ते ऐकायचं. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. अंबडकडच्या माळावर औद्योगिक वसाहतीचे रस्ते डांबर घालून तयार होते, कारखाने अजून यायचे होते. एक सरळ रस्ता, पुढे रिकामा चौक, तिथून उजवीकडे वळलं की पुन्हा लांबलचक सरळ. आमच्या स्टोअर्समधले एक सहकारी मेव्हण्याची छोटी, लाल, चकचकीत गाडी घेऊन उतरणार होते. त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय शास्त्रज्ञ, तुमच्या आजीबाई येणार का पळायला?" मी येणार म्हणून बसलो.

घरी सांगितलं तेव्हा पत्नी भाकरी थापत होती. तिनं थापता थापताच अट घातली. जा, पळवा, पण गाडी शेवटची आली तर सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला द्यायची. शेवटची नाही आली तर ती गाडीविषयी पुन्हा एक शब्द काढणार नव्हती. मी कबूल झालो. बाईंनी दिलेली गाडी अशी पैजेवर लावावी का, हा विचार अंथरुणावर पडल्यावर आला, पण तोवर भाकरी खाऊन झाली होती.

सहकाऱ्यांनी मोठ्या मनानं सल्ला दिला की गाडी हलकी करा. तो मला लगेच पटला. वजन कमी तर वेग जास्त, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. शनिवारी मी स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसण्या काढल्या आणि डिकीतली बाईंची वाळूची दोन्ही पोती भिंतीला लावून ठेवली. पत्नी दारात उभी राहून बघत होती. बोळ इतका भरलेला आणि गाडी इतकी रिकामी तिनं कधी पाहिली नव्हती.

रविवारी उठून बघतो तर आभाळ भरलेलं. जानेवारीत नाशिकला पाऊस म्हणजे द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा. पाऊस मोठा नव्हता, पण बारीक, गार, आणि वर माळावरचं वारं. नेहमीप्रमाणे धक्का मारून गाडी सुरू केली. पत्नी शाल गुंडाळून, छत्री आणि पोह्यांचा डबा घेऊन निघाली. निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता तिला.

माळावर आठ-नऊ गाड्या होत्या, आणि त्यांच्या चाकांनी कडेचा चिखल डांबरावर आणला होता. पंच म्हणून एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, कानटोपी घालून, गळ्यात शाळेचं स्टॉपवॉच अडकवून उभे. एक द्राक्षवाले गृहस्थ जीप घेऊन आले होते, पण त्यांचं सगळं लक्ष वर आभाळाकडे. पाऊस वाढतोय असं दिसताच ते फेरी न करताच बागेकडे निघून गेले. मी पत्नीला म्हणालो, एक तर आपल्या मागे राहिला. ती म्हणाली, "जे पळालेच नाहीत त्यांना मोजायचं नाही."

माझी पाळी आली. समोरच्या काचेवर मी अर्धा चिरलेला बटाटा घासून घेतला होता. पाणी काचेवर थांबू नये म्हणून हा बाईंचा उपाय. मास्तरांनी रुमाल खाली केला आणि मी पाय दाबला. इंजिन ओरडलं. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि चिखलाचं कारंजं मागे उभ्या असलेल्या आमच्या स्टोअर्सवाल्यांच्या अंगावर गेलं. गाडी पुढे जायच्या आधी आडवी हलली. कशीबशी चौकात पोचलो, वळवली, तर मागचा भाग माझ्या आधी वळला. थांबलो तेव्हा गाडीचं तोंड जिकडून आलो तिकडे होतं. मागे घेऊन, पुढे घेऊन, पुन्हा वळवून मी दुसऱ्या टोकाला पोचलो. मोकळ्या माळावरून दोन्ही टोकं दिसत होती. मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं आणि फार सभ्यपणे, आकडा न सांगता नुसता लिहून घेतला.

मी शेवटचा होतो. माझ्या पुढचाही बराच पुढे होता. स्टोअर्सवाले तोंड पुसत आले आणि आजीबाई घरची वाट विसरल्या का, असं त्यांनी विचारलं. पत्नी हसली नाही. तिनं डबा उघडून पोहे पुढे केले आणि जाता जाता ड्रायव्हिंग स्कूलवाल्याकडे निरोप ठेवायचा का, एवढंच विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या फेरीपर्यंत पाऊस वाढला. वाऱ्यानं छत्री दोनदा उलटी झाली. माळावर आडोशाला एक झाड नव्हतं. पत्नीचे दात वाजायला लागले तसे मास्तर म्हणाले, अहो, त्यांना गाडीत तरी बसवा. ती मागच्या सीटवर जाऊन बसली. तेवढ्यात माझी पाळी आली. उतरायला दार उघडलं तर खाली घोटाभर चिखल, आणि पायात तिच्या माहेरहून आलेल्या नव्या चपला. तिनं दार लावून घेतलं.

मी मास्तरांना विचारलं की चालेल का. त्यांनी नियमांचा कागद कोटाच्या आत धरून वाचला. सोबत कुणी बसू नये असं त्यात कुठे नव्हतं. स्टोअर्सवाल्यांनी लांबून ओरडून विचारलं, "बिऱ्हाड घेऊन पळणार का?" आजूबाजूची मंडळी हसली. मलाही हसू आलं, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्यात मी गाडी मनातल्या मनात देऊनही टाकली.

रुमाल खाली आला. मागे माणूस बसलेलं होतं, मांडीवर डबा धरून. माझा पाय दाबलाच जाईना. घोटीच्या रस्त्यावर पडायचा तसा तो हलका पडला. गाडी मी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हळूच क्लच सोडला, आणि ती घसरली नाही, फिरली नाही, सरळ पुढे निघाली. मागची चाकं रस्ता धरून होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी काल भिंतीला जे टेकवून ठेवलं होतं, तेच आज मागे शाल गुंडाळून बसलं आहे. मागच्या चाकांवर वजन नसेल तर ओल्यात ती काय धरणार? हेही मला परीक्षेत कधीतरी विचारलेलं असणार.

चौकाच्या बराच आधी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी शांतपणे वळली, आणि समोर लांबलचक सरळ रस्ता आला. सवयीनं मी तसाच सावकाश चाललो होतो. मागून आवाज आला.

"अहो, इथं कुणी अडलेलं नाहीये. घ्या की जोरात."

बाईंचं ते वाक्य मी तिला लग्नानंतर इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते तिलाही पाठ झालं होतं. मी पाय दाबला. त्या गाडीत एवढा जोर शिल्लक आहे हे मलाही माहीत नव्हतं. टपाचा पत्रा वाजत होता, डब्याचं झाकण वाजत होतं, आणि मागे माझी बायको मोठमोठ्यानं हसत होती. तिला जिंकायचं असतं तर नुसतं गप्प बसायचं होतं. हे मी तिला नंतर म्हटलं, तेव्हा ती म्हणाली की त्या वेळी तिला पैजेची आठवणच राहिली नव्हती.

दुसऱ्या फेरीत बाकीच्यांचे हाल झाले. पाऊस जास्त होता आणि सगळे गाड्या हलक्या करून आलेले. लाल गाडी चौकात घसरून रिकाम्या प्लॉटमधल्या गवतात शिरली. लागलं कुणालाच नाही, पण तिला बाहेर काढायला आम्हा सगळ्यांना उतरावं लागलं. मास्तरांनी भिजलेल्या कागदावरून निकाल वाचला. आम्ही शेवटून चौथे. आमच्या मागे तिघं, तिघंही दोन्ही फेऱ्या पळालेले. पत्नीनं ते मास्तरांना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

स्टोअर्सवाले चिखलानं माखून आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी आमच्या गाडीत बसा."

"बसेन की," ती म्हणाली. "पण तुमच्या गाडीला धक्का मारणार नाही. तो आमच्या घरच्याच गाडीला."

घरी आल्यावर तिनं ओली शाल दोरीवर टाकली, आणि मी काही बोलायच्या आत एकेक पोतं धरून वाळू पुन्हा डिकीत ठेवायला मला हात लावला. त्याच आठवड्यात मी बाईंना पत्र टाकलं. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे आहे, ती अशी:

"तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचे डोळे आता कसे आहेत? पत्र बहिणीकडून वाचून घ्याल म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

गाडी चालेनाशी झाली की विकायची असं तुम्ही म्हणाला होता. ती चालते आहे. रविवारी पावसात ती शर्यतीत पळाली आणि शेवटून चौथी आली. हा नंबर तुम्हाला लहान वाटेल, पण तिला घरात ठेवायला तो पुरला. तुमची वाळू मी मूर्खासारखी काढून ठेवली होती. आता पुन्हा डिकीत आहे. ती नुसती चाकाखाली टाकायला नव्हती हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं?

अजून एक. आता गाडी सौ. चालवायला शिकते आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाला रोज संध्याकाळी आमच्याच गाडीत तिच्या शेजारी बसतो. गाडी त्याला मिळाली नाही, विद्यार्थीण मिळाली. मी मागे बसतो. पहिल्या दिवशी मी तिला तुमचं वाक्य सांगितलं, की मागे अडलेली बाई आहे असं समजून चालव. तिनं आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अडलेली बाईसुद्धा एवढ्या सूचना देत नाही.

तिचा हात बसला की आम्ही मिरजेला येऊ. तुम्हाला पुढच्या सीटवर बसायचं आहे. मागे मी असेन, आणि वाळू.

तुमचा,
ओट्यावरचा विद्यार्थी"