रूबलचा शिळा दर

गोव्यात सुर्ल्याची लोहखनिजाची खाण बंद पडली तेव्हा मी तिथल्या एका वाहतूक कंत्राटदाराकडे ट्रकांच्या फेऱ्या कॉम्प्युटरवर चढवत होतो. मग दोन-तीन ठिकाणी धडपडून मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाऊसमध्ये रिसेप्शनला लागलो. रोज स्कूटरने जाऊन-येऊन. घरी पोचेपर्यंत कंबर धरलेली असायची.

काम जड नव्हतं, पण दिवसभर तोच एक प्रश्न. पाहुणे युरो, पौंड, रूबलचे आकडे विचारत उभे, आणि आतून मालकीण ओरडायची, "अरे, ह्येंचे आमच्या पैशांत किती होतत ते सांग मरे!" मोबाइलवर जाहिराती बाजूला सारत दर शोधायचा, गुणाकार करायचा. शेवटी वैतागून एका दुपारी मी रिसेप्शनच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, लिहिली. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत रक्कम, कुठलं चलन, कशात हवं एवढं टाइप करून एंटर दाबायचं. नेटवरून दर आणून ती एका ओळीत उत्तर द्यायची. नेट गेलं तर अडू नये म्हणून शेवटचा दर साठवून ठेवण्याची सोय केली. पहिलं उत्तर बरोबर आलं तेव्हा, खाण सुटल्यापासून पहिल्यांदा आपल्या हातून काही नीट झालं असं वाटलं.

मागच्या खोलीत एक निवृत्त रशियन शिक्षिका दरवर्षी यायच्या. एकदा त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "माझ्या पेन्शनमध्ये आणखी एक महिना निघेल?" मी रक्कम टाकली आणि म्हटलं, "आरामात." त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

चार दिवसांनी त्या पैसे बदलून आल्या. हातात पावती. "तुम्ही सांगितलं त्यापेक्षा खूप कमी."

आधी मला वाटलं, पैसे बदलणाऱ्याने फसवलं. मग स्क्रिप्ट उघडून बघितली. जिथून ती दर आणायची, त्या वेबसाइटने फुकटची सेवा केव्हाच बंद केली होती. स्क्रिप्ट साठवलेल्या जुन्या दरावरच बिनबोभाट उत्तरं देत होती, आणि रूबल मधल्या काळात घसरला होता. अडू नकोस एवढंच मी तिला लिहून दिलं होतं. दर जुना आहे हे सांग, असं लिहिलंच नव्हतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

त्यांनी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," एवढंच बोलल्या.

खरंच विचारलं होतं. दुसऱ्यांदा मी मान वर करायचाही कंटाळा केला होता. वरच्या बाणाचं बटण दाबून तीच ओळ पुन्हा चालवली होती.

मालकिणीने खोलीचं भाडं कमी केलं, तरी पंधरा दिवसांतच त्या गेल्या. तिकिटासाठी पुन्हा भुर्दंड भरून. या वर्षी आल्या नाहीत.

आता ताजा दर आला नाही तर स्क्रिप्ट तसं सांगून थांबते. परवाच नेट गेलं आणि मालकीण वैतागली. "पयला तरी ह्यो कॉम्प्युटर कायतरी सांगी होता!"

"काकी, खोटं सांगी होता," मी म्हटलं.